ओळखीचे भांडवल : नांदेड-लातूर परिसरातील घरगुती थेट विक्री व्यवसाय आणि सभासद-जोडणी

प्रस्तावना

थेट विक्री किंवा नेटवर्क मार्केटिंग या व्यवसायाचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांनी केला आहे. वितरणाची साखळी, विक्रेत्याचा मोबदला, ग्राहकाचे समाधान हे त्या अभ्यासाचे विषय होत. परंतु या व्यवसायाला सामाजिक इतिहासाची एक बाजू आहे आणि ती विक्रीपेक्षा विक्रेत्याच्या भरतीत अधिक स्पष्टपणे दिसते. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाच्या घरी जाऊन 'तुम्हीही आमच्यात या' असे म्हणणे, ही या व्यवसायातील मूळ क्रिया होय. ती कोणत्या नात्यांच्या आधारे घडली, समोरच्याला नकार देणे का कठीण गेले आणि कायद्याने या क्रियेकडे कसे पाहिले, याचा मागोवा नांदेड व लातूर या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे दोन जिल्हे निवडण्यामागे कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. मोठी कारखानदारी येथे रुजली नाही; नांदेडची उस्मानशाही कापड गिरणी हा अपवाद होता आणि तीही पुढे बंद पडली. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्याने डाळीची बाजारपेठ आणि शिक्षण यांवर आपली ओळख उभी केली. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे पदवीधर वाढत होते, त्या मानाने नोकऱ्या नव्हत्या, आणि ज्यांना नोकरी होती तो शिक्षक, लिपिक, ग्रामसेवक वर्ग गावातील दहा-वीस कुटुंबांचा सल्लागार होता. सभासद-जोडणीसाठी याहून अनुकूल जमीन क्वचितच सापडली असती.

दारावरची विक्री

घरात येऊन वस्तू विकणे मराठवाड्याला नवीन नव्हते. बांगड्या भरणारा कासार, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, खेड्यापाड्यांत लुगडी घेऊन फिरणारा कापडविक्या ही सर्व मंडळी उंबरठ्यापर्यंत, कधी ओसरीपर्यंत येत. कासाराचा मान तर वेगळाच होता. लग्नघरी त्याच्यावाचून पुढचे कार्य होत नसे. तथापि या विक्रीचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. बांगड्या भरून झाल्या, पैसे किंवा धान्य हाती पडले, की व्यवहार पुरा होई. कासाराने कोणत्याही गृहिणीला 'तुम्हीही बांगड्या विका, तुमच्या विक्रीतला हिस्सा मला मिळेल' असे सुचविल्याचे ऐकिवात नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीने गळ्यात टाय बांधलेला विक्रेता दारात आणला. त्यालाही यंत्र विकायचे होते, घरमालकाला आपल्या हाताखाली घ्यायचे नव्हते.

घरी बसून उत्पन्न मिळविण्याच्या कल्पनेलाही महाराष्ट्रात परंपरा आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती भगिनींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्याचे काम सुरू केले. तीच पुढे लिज्जत पापड तयार करणारी श्री महिला गृह उद्योग संस्था झाली. पीठ घरी न्यावे, पापड लाटून आणावेत, लाटणावळ घ्यावी, असा हा शिरस्ता. नवी भगिनी संस्थेत आली तर संस्था वाढे, परंतु तिला आणणारीच्या खात्यावर तिच्या श्रमाचा वाटा जमा होत नसे. योगायोग असा की, याच १९५९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲमवे ही कंपनी स्थापन झाली. घरगुती उद्योगाची ही दोन रूपे एकाच वर्षी जन्मली आणि चार दशकांनी मराठी मध्यमवर्गीय घरात शेजारी-शेजारी आली.

विमा, अल्पबचत आणि पत्नीचे नाव

सभासद-जोडणीची खरी पूर्वपीठिका मात्र पापडात नसून विम्यात आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाचा प्रतिनिधी हा आप्तेष्टांपासूनच सुरुवात करी. मेहुण्याची पॉलिसी, मग मेहुण्याच्या कार्यालयातील सहकाऱ्यांच्या पॉलिसी, असा त्याचा प्रवास. नातेवाइकाने 'तुझ्याखातर एक घेतो' म्हणून घेतलेल्या पॉलिसीची संख्या मोठी असावी. या प्रतिनिधींची निवड विकास अधिकारी करीत. ते महामंडळाचे पगारी सेवक होते. स्वतः प्रतिनिधीला दुसरा प्रतिनिधी तयार करून त्याच्या धंद्यावर पायरी-पायरीने दलाली घेण्याची सोय नव्हती. मुख्य प्रतिनिधी, विशेष प्रतिनिधी अशा मधल्या पायऱ्यांविरुद्ध विमा कायद्यात तरतुदी होत्याच. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बहुस्तरीय विपणनाचाही स्पष्ट शब्दांत निषेध केला.

दुसरा धागा अल्पबचतीचा आहे. १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत स्त्रियांना टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवींसाठी प्रतिनिधी नेमण्यात येऊ लागले. दरमहा घरोघर जाऊन हप्ता गोळा करणारी, कार्डावर नोंद करून देणारी आणि रक्कम टपाल कार्यालयात भरणारी ही स्त्री जिल्ह्याच्या गावांत परिचित झाली. चार टक्के दलाली ही पुष्कळ घरांत गृहिणीची पहिली स्वतःची मिळकत होती. तिच्याजवळ शे-दीडशे घरांची माहिती असे: कोणाचा पगार केव्हा होतो, कोणाकडे लग्न ठरले आहे, कोण हप्ता चुकवितो. पुढे नेटवर्क कंपन्यांना जे हवे होते, ते हेच.

येथे एका नियमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय सेवकाला परवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही. इतकेच नव्हे, तर पत्नीच्या वा कुटुंबीयांच्या नावे असलेल्या विमा किंवा दलालीच्या कामासाठी शब्द टाकणे हाही नियमभंग ठरतो. साहजिकच एजन्सी पत्नीच्या नावे आणि शब्द पतीचा, अशी विभागणी रूढ झाली. कागदोपत्री स्त्री-उद्योजक आणि व्यवहारात पुरुषाचा परिचय-संचय ही जोडी थेट विक्रीने आयती उचलली. अर्थात हे अर्धेच चित्र होय. जिच्या नावावर केवळ सहीपुरता धंदा होता, तीच स्त्री काही काळाने हातात ध्वनिक्षेपक घेऊन शंभर जणांसमोर बोलू लागली, असेही घडले. त्या सभाधीटपणाचे मोल नाकारता येत नाही.

पद्धतीचा उगम

विक्रीबरोबरच विक्रेत्यांच्या भरतीवर मोबदला देण्याची पद्धत अमेरिकेत १९४५ च्या सुमारास न्यूट्रिलाइट या पोषक गोळ्यांच्या विक्रीत आकाराला आली. रिच डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे दोघे मित्र १९४९ मध्ये याच गोळ्यांचे वितरक झाले आणि दहा वर्षांनी त्यांनी ॲमवे काढली. दुसरी पद्धत टपरवेअरची. १९५१ पासून या कंपनीने प्लास्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि ब्राउनी वाइज या विक्रीप्रमुख स्त्रीच्या मार्गदर्शनाखाली केवळ घरगुती मेळाव्यांतून विकण्यास प्रारंभ केला. यजमानीण शेजारणींना बोलावी, डबे हाताळले जात आणि मेळावा संपता संपता पुढची यजमानीण ठरे.

अशा योजना फसव्या आहेत काय, हा प्रश्न तेथेही उपस्थित झाला. १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेची योजना पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला. वितरकाने आधीच्या मालापैकी ७० टक्के माल खपविल्याखेरीज नवा घेऊ नये, महिन्याला किमान दहा ग्राहकांना विक्री करावी आणि न खपलेला माल परत घेतला जावा, हे कंपनीचे नियम त्यासाठी विचारात घेतले गेले. उत्पन्नाचे वाढीव दावे करण्यास मात्र त्याच निर्णयाने मनाई केली.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर या कंपन्यांना भारताची दारे उघडली. १९९५-९६ च्या सुमारास ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर यांनी आणि १९९८ मध्ये ॲमवेने येथे विक्री सुरू केली. टपरवेअरचा मेळावा मराठी स्त्रीला परका वाटण्याचे कारण नव्हते. हळदीकुंकवाला वाण लुटण्याची आणि भिशीच्या दिवशी एकीच्या घरी जमण्याची सवय होतीच. फरक एवढाच की, हळदीकुंकवाला आलेली स्त्री घेऊन जात असे. येथे तिने देऊन जावयाचे होते.

यादी, निमंत्रण आणि भीड

नव्या सभासदाला पहिले काम सांगितले जाई ते यादी करण्याचे. शंभर नावे लिहा. नातेवाईक, वर्गमित्र, शेजारी, सहकारी, दूधवाला, मुलांचे शिक्षक, कोणालाही वगळू नका. ही यादी पाहिली की लग्नघरातील आहेराच्या वहीची आठवण होते. आहेराच्या वहीत कोणी काय दिले याची नोंद असते, कारण ते फेडावयाचे असते. सभासदाच्या यादीतही नाव येई ते याच हिशेबाने: हा आपल्याला नाही म्हणणार नाही. विक्रीकौशल्याची शिकवण नंतरची. आधी उपकारांची उजळणी.

त्यानंतरचे काम निमंत्रण. त्याचा साचा ठरलेला असे. विषय सांगावयाचा नाही, कंपनीचे नाव घ्यावयाचे नाही, दूरध्वनीवर माहिती द्यावयाची नाही. 'रविवारी घरी या, एका चांगल्या माणसाची ओळख करून द्यायची आहे', एवढेच. निमंत्रित येई तो चहापाण्याच्या कल्पनेने. बैठकीत पाटीवर वर्तुळे काढली जात, वर्तुळाखाली वर्तुळे, आणि शेवटी एक आकडा. बाहेरगावाहून आलेला 'अपलाइन' पाहुणा आपल्या जुन्या दारिद्र्याची आणि नव्या गाडीची हकिकत सांगे. तिच्यातील दारिद्र्याचा भाग श्रोत्यांच्या ओळखीचा असल्यामुळे गाडीचा भागही खरा वाटे. सामान्यपणे कीर्तनातही पूर्वरंगाने भूमिका तयार केल्यावाचून उत्तररंगातील आख्यान पटत नाही.

मराठवाड्यात तोंडावर नकार देण्याची रीत नाही. विशेषतः विचारणारा जावई असेल तर सासरच्या मंडळींना, दाजी असतील तर मेहुण्याला, आणि गुरुजी असतील तर पालकाला 'नाही' हा शब्द उच्चारणे अवघड जाते. त्याऐवजी 'पाहतो', 'घरात विचारून सांगतो', 'सोयाबीनचे पैसे आले की बघू' अशी उत्तरे दिली जातात. ऐकणाराही त्यांचा अर्थ जाणतो आणि विषय सोडून देतो. हा परस्परांची अब्रू राखणारा एक जुना करार होता. नव्या शिक्षणाने तो मोडला. 'पाहतो' म्हणजे नकार नव्हे, ती पुन्हा भेटण्याची संधी होय, असे सभासदाला शिकविले गेले. दुसरी भेट, तिसरी भेट, मग वरच्या माणसाला बरोबर घेऊन चौथी भेट. 'भीड ही भिकेची बहीण' या म्हणीतील शहाणपण येथे उलट्या बाजूने प्रत्ययास येते. भिडेखातर पैसे भरणारा आणि भीड घालून पैसे घेणारा, दोघेही पुढे एकमेकांना टाळू लागले. लग्नकार्यात अमुक आले आहेत काय, हे पाहून मग मांडवात शिरणारे पाहुणे या काळात निर्माण झाले.

या भरतीत शिक्षकाला इतके महत्त्व का, हेही पाहिले पाहिजे. २००० पासून राज्यात शिक्षणसेवक योजना लागू झाली. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकास महिना ३,००० रुपये मानधन होते. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना तेवढीही खात्री नव्हती. लातूरमध्ये शिकवणीवर्गांची भरभराट होत असताना त्याच शहरात अनेक पदवीधर तुटपुंज्या मानधनावर वर्ग सांभाळीत होते. अशा माणसाच्या हाती पैसा नव्हता, परंतु त्याच्या शब्दाला गावात वजन होते. कंपनीच्या योजनेत हे वजन प्रथमच रुपयांत मोजले गेले. म्हणून त्याला केवळ लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या पदवीने त्याला प्रतिष्ठा दिली आणि पगार दिला नाही, त्या पदवीची प्रतिष्ठा तो विकावयास निघाला होता.

पाटीवरील वर्तुळांचे गणित मात्र कोणत्याही शिक्षकाला सोडविता आले असते. प्रत्येकाने सहा जण आणावेत असे धरले, तर पहिल्या पायरीवर ६, दुसरीवर ३६, तिसरीवर २१६ होतात. आठव्या पायरीअखेर एकूण सभासद २०,१५,५३९ होतात आणि नवव्या पायरीसाठी आणखी १,००,७७,६९६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६, म्हणजे तान्ह्या मुलांसह एकूण ५८,१५,४८८. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साखळी जेथे थांबेल तेथे शंभरांपैकी सुमारे ८३ जण शेवटच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. शेवटच्या दोन पायऱ्या मिळून ही संख्या ९७ वर जाते. यात कोणाच्या आळसाचा संबंध नाही. तरीही न जमलेल्या सभासदाला 'तुम्ही मनापासून काम केले नाही' असेच ऐकावे लागे आणि बहुतेकांनी ते खरे मानले.

सीमेपलीकडचा निकाल

भारतीय कायद्याला हा विषय प्रथम दिसला तो बक्षीस-भिशी आणि पैशाच्या फिरत्या योजनांच्या रूपात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर १९७८ मध्ये बक्षीस चिट्स व पैसे अभिसरण योजना (बंदी) अधिनियम मंजूर झाला. सभासदांच्या नोंदणीवर अवलंबून असलेला जलद वा सुलभ पैसा, हा त्यातील व्याख्येचा गाभा होता. साबण आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मध्ये आल्या की ही व्याख्या लागू होते काय, हा वादाचा मुद्दा ठरला.

२००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेच्या प्रकरणात ती लागू होते असा निर्णय दिला. नांदेडच्या दृष्टीने ही दूरची घटना नव्हती. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला, २०१४ नंतरच्या तेलंगणाला लागून आहेत. धर्माबादहून बासरच्या सरस्वतीला मुलांच्या अक्षरलेखनासाठी जाणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. सोयरिकी निजामाबादेत आहेत. एकाच कुटुंबातील दोन भावांपैकी पलीकडच्या भावाच्या राज्यात जी योजना उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविली, तीच अलीकडच्या भावाच्या जिल्ह्यात कोणत्याही निकालाने अडविलेली नव्हती. सीमेने भाषा वा नाते विभागले नव्हते. कायद्याचा अर्थ मात्र विभागला होता.

दरम्यान याच भरती-पद्धतीचा उपयोग वस्तूच नसलेल्या योजनांनी केला. २०१४ मध्ये नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेड या कंपनीविरुद्ध गुन्हे नोंदले गेले, तेव्हा नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील ठेवीदारांची संख्या लक्षणीय होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेबीने पीएसीएल कंपनीला ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ही रक्कम देशभरातील प्रतिनिधींनी ओळखीपाळखीतून जमविलेली होती. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ संचालकांच्या मालमत्तेवर टाच आणू शकतो. प्रतिनिधी मात्र त्याच गल्लीत राहतो. कंपनीचे कार्यालय बंद झाल्यावर पावत्या घेऊन लोक त्याच्याच दारात आले, कारण त्यांनी कंपनीवर नव्हे, त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याने स्वतःच्या आईचेही पैसे त्यात गुंतविलेले असत, हे कोणी मनावर घेत नसे.

थेट विक्री आणि साखळी योजना यांतील भेद केंद्र शासनाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ मध्ये स्पष्ट केला. प्रवेशशुल्क घेता येणार नाही, केवळ नवे सभासद आणल्याबद्दल मोबदला देता येणार नाही, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि पूर्वसंमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, अशा त्यांतील तरतुदी आहेत. शेवटची तरतूद वाचताना तिच्या कर्त्यांसमोर दारात उभा असलेला अनोळखी विक्रेता होता, असे वाटते. नांदेड-लातूरमधील विक्रेता थेट स्वयंपाकघरापर्यंत येणारा होता. त्याला वहिनी ओळखपत्र विचारणार नव्हत्या.

भ्रमणध्वनीनंतर

१ मे २००३ पासून भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संभाषणाचे शुल्क बंद झाले आणि यादीतील शंभर नावांना खिशातील क्रमांक मिळाले. पूर्वी निमंत्रणासाठी एस.टी.ने औशाला वा मुखेडला जावे लागे. मुक्काम, जेवण, ख्यालीखुशाली यांत दिवस जाई आणि विषय निघेपर्यंत संकोच वाटू लागे. तो संकोच हाच काय तो अडसर होता. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे आणि २०२० च्या टाळेबंदीत दृक्श्राव्य बैठकांमुळे तोही उरला नाही. वजन कमी केल्याची आधीची व नंतरची छायाचित्रे सकाळी स्टेटसवर लागतात, खाली 'माहितीसाठी संपर्क करा' असे लिहिलेले असते. ते कोणी कोणी पाहिले, हे लावणाराला कळते. आणि ज्याने पाहिले, त्याला दुपारपर्यंत 'काय म्हणता दाजी, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही' असा संदेश येतो.